गाळातला फॉस्फरस तळाशी गप्प बसत नाही

ठाण्यातला एखादा तलाव उन्हाळ्यात हिरवा पडला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मतलब असा: गाळातला फॉस्फरस (म्हणजे शेवाळाचं खतच) सेंद्रिय, म्हणून निरुपद्रवी; सांडपाणी बंद केलं की एका पावसाळ्यात पाणी निवळतं; कारंजं लावलं की ऑक्सिजनची चिंता मिटली; तरीही हिरवं राहिलं तर चुना टाका. यातलं सांडपाणी बंद करणं तेवढं बरोबर आहे.

‘सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी.’ सेंद्रिय फॉस्फरस हा एकच पदार्थ नाही. मेलेल्या शेवाळातलं डीएनए, आरएनए आणि फॉस्फोलिपिड जीवाणू लवकर फोडतात, आणि सुटलेलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाला थेट घेता येणारं फॉस्फरसचं रूप, नव्या शेवाळाला आयतं मिळतं. फायटेट, म्हणजे बियांत साठवलेल्या फॉस्फरसचं सेंद्रिय रूप, मात्र लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांना आणि चिकणमातीला घट्ट धरून बसतं. ते येतं कुठून? धान्यातल्या फॉस्फरसपैकी साधारण ६० ते ८० टक्के फायटेटच्या रूपात असतो, गव्हात मुख्यतः कोंड्यात. मासुंदा तलावावर माशांना कणकेचे गोळे टाकणाऱ्याला पुण्य लागत असेल. फॉस्फरस तळाला लागतो.

‘एका पावसाळ्यात निवळेल.’ नायट्रोजन वायू होऊन हवेत जाऊ शकतो, फॉस्फरसला ती वाट जवळपास नाहीच. साधा हिशोब करू. एक चौरस मीटर तळ, वरचा १० सेंटिमीटर गाळ, त्यात ३० किलो कोरडी माती आणि किलोमागे १ ग्रॅम फॉस्फरस धरला, तर झाले ३० ग्रॅम. वर ३ मीटर पाणी, म्हणजे ३,००० लिटर, लिटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे चांगलं हिरवं पाणी धरलं, तरी त्यात फक्त ०.३ ग्रॅम. गाळातला एक टक्का सुटला तरी पाण्यातला फॉस्फरस दुप्पट होतो. पाऊस सांडव्यावरून पाणी वाहून नेतो, गाळ जागेवरच राहतो.

किती सुटेल हे परिस्थितीवर ठरतं, आणि मे महिना यासाठी सगळ्यात वाईट. २० अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साधारण ७.५. नेमकी तेव्हाच जीवाणूंची भूक वाढलेली असते. तळाचा ऑक्सिजन संपला की फेरिक (गंजलेल्या रूपातलं) लोह फेरस (विरघळणारं) होऊन पाण्यात उतरतं आणि त्याने धरलेलं फॉस्फेट, काही फायटेटसुद्धा, मोकळं होतं. गाळ काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा असेल तर गाडं आणखी पुढे गेलंय: सल्फेटचं सल्फाइड झालंय आणि त्याने लोह पळवलंय. मग ऑक्सिजन परत आला तरी फॉस्फेट धरायला लोह पुरत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेटच, त्यामुळे त्या मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावात होण्याचा हाही एक फायदा. नवी मुंबईच्या होल्डिंग पाँडमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यांत, खाडीचं खारं पाणी शिरतं तिथे सल्फेटला तोटा नाही. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे २.७ ग्रॅम असतं.

‘कारंजं पुरे.’ कारंजं बहुधा वरचंच पाणी उडवतं. खरी परीक्षा पहाटे ५-६ वाजता, तळापासून २०-३० सेंटिमीटर वर: ऑक्सिजन मीटर तिथे लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली दाखवत असेल तर दुपारच्या वरच्या आकड्याला अर्थ नाही. उथळ जागी पंप तळाशी लावला तर गाळ ढवळून फॉस्फेट वर येतं.

‘चुना टाका.’ हा सल्ला सगळ्यात घातक. चुन्याने थोडं फॉस्फेट कॅल्शियमला चिकटतं, हे खरं. पण हिरव्या तलावात दुपारी पीएच आधीच ९ च्या आसपास गेलेला असतो. तो आणखी चढला की हायड्रॉक्सिल आयन लोह-अ‍ॅल्युमिनियमवरचं फॉस्फेट ढकलून बाहेर काढतात. शिवाय ३० अंशाला पीएच ७ असताना पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो, ९ ला सुमारे ४५ टक्के असतो. मासे मरतात, तळाला जातात आणि सेंद्रिय फॉस्फरसात भर पडते.

गाळ काढायचाच असेल तर आधी तपासा. नळीने उभा नमुना घ्या, २-२ सेंटिमीटरचे थर करा, हवा न लागू देता बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्या. उन्हात वाळवलेला नमुना फसवतो: फेरस लोह हवेत गंजून मोकळं फॉस्फेट पुन्हा पकडतं. प्रत्येक थराचे दोन भाग करायचे. एक ५५० अंशाला जाळून, दुसरा न जाळता, दोन्ही १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १६ तास हलवायचे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सेंद्रिय फॉस्फरस, ढोबळ मानाने. नुसतं ‘फॉस्फेट’ लिहिलेल्या पाण्याच्या रिपोर्टवरून हे कळत नाही. फॉस्फरस कोणत्या थरापर्यंत जास्त आहे हे कळलं की किती खोल उपसायचं ते ठरतं. आणि उपसलेल्या गाळातून निथळणारं काळं पाणी पुन्हा तलावात सोडू नका. सुटलेलं फॉस्फेट त्यातच असतं.