लस घेतलेल्या मुलीचा खोकला

संत्या तीन आठवड्यांनी कट्ट्यावर आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "धाकटीला आता एकही सुई टोचू देणार नाही. काय बोलायचं ते बोला."

काही वेळ कुणीच बोललं नाही. त्याच्या घरी काय झालं ते आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं, सलग त्यानं त्या दिवशीच सांगितलं.

थोरली सात वर्षांची. पावसाळ्यात सर्दी झाली, ती गेली, खोकला राहिला. दिवसा पोरगी खेळायची, रात्री मात्र खोकल्याची उबळ यायची ती थांबायचीच नाही. चेहरा लालबुंद, शेवटी उलटी. पहिले डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. दुसऱ्यांनी ॲलर्जी, बालदमा सांगून पंप दिला. तिसऱ्यांना संत्याच्या बायकोनं स्वतःच विचारलं, "डॉक्टर, डांग्या खोकला तर नसेल?" तिनं रात्रीच्या उबळीचा व्हिडिओही काढून नेला होता. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. छाती साफ. "डोस झालेत ना सगळे? मग डांग्या खोकला होत नाही." व्हिडिओ बघितलाच नाही.

सहाव्या आठवड्यात धाकटी दूध पिता पिता निळी पडली. चाळीस दिवसांचं बाळ. खोकलीसुद्धा नाही, नुसता श्वास थांबला. आठ दिवस आयसीयूत होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात कुणाला बरेच दिवस खोकला आहे का?" आईनं तोच व्हिडिओ दाखवला. घशाच्या मागचा स्वॅब गेला, डांग्या खोकलाच निघाला. बाळ वाचलं.

"म्हणजे लस घेऊन झालाच ना?" मिल्या म्हणाला. "आणि डॉक्टर सांगतात होतच नाही. एकतर लस खोटी, नाहीतर डॉक्टर."

नाना एसटीतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "आमच्या वेळी पोराला डांग्या झाला की गाढविणीचं दूध शोधत फिरायचे. वाडीत एकाचवेळी चार-चार पोरं खोकायची. त्यातलं एखादं जायचंही. त्या दुधानं कोण वाचलं, मला तर आठवत नाही."

ज्योतीताई सिस्टर आहे, तिचं आयुष्य लसीकरणात गेलंय. तिनं शांतपणे विचारलं, "संतोष, थोरलीचं कार्ड आहे का फोनमध्ये?"

होतं. सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस, दीड वर्षाचा बूस्टर. सगळे खाजगीतले, न दुखणारे, हजारो रुपये मोजून. पाच वर्षांचा रकाना रिकामा.

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही रे," संत्या म्हणाला. त्याचा आवाज बसला.

मला त्याचा राग आला नाही, आणि कुणाला येऊही नये. शाळेनं विचारलं नाही. तीन डॉक्टरांनी "डोस झालेत ना" असं तोंडी विचारलं, कार्ड एकानंही मागितलं नाही. आईबापाला लसीचं वेळापत्रक तोंडपाठ असावं ही अपेक्षा कुठली?

पण ताई तिथंच थांबली नाही. "पाचवा डोस झाला असता तरी होऊ शकतं. डांग्या खोकल्याच्या लसीचा जोर काही वर्षांनी उतरतो. न दुखणाऱ्या लसीचा तर लवकर उतरतो. हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. 'लस घेतली म्हणजे होत नाही' हे वाक्यच चूक आहे."

"मग द्यायची कशाला?" मिल्या.

यावर मी मध्ये पडलो, कारण हा प्रयोग जपाननं करून बघितलाय. 1974-75 च्या हिवाळ्यात तिथं ही लस दिल्यानंतर दोन बाळं दगावली. सरकारनं लसीकरण थांबवलं, पुन्हा सुरू केलं ते दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी, आणि लोकांनी पाठ फिरवली. 1974 मध्ये देशभरात रुग्ण होते सुमारे चारशे. 1979 मध्ये तेरा हजारांवर गेले आणि 41 जण मेले. ब्रिटनमध्येही त्याच दशकात मेंदूला इजा होते या भीतीनं लस घेणारी मुलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास होती ती तिसावर आली, आणि साथी परतल्या.

"आणि ती दोन बाळं?" मिल्यानं विचारलं. प्रश्न योग्य होता. त्या भीतीतूनच जपाननं कमी ताप आणणारी लस शोधली आणि 1981 पासून वापरायला घेतली. आपल्याकडे 'पेनलेस' म्हणून मिळते ती याच जातीची. ताप कमी, पण टिकते कमी. सरकारी दवाखान्यातल्या पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीत, डांग्याची जुनीच, मांडी सुजवणारी लस असते. बाळ रात्रभर रडतं म्हणून आपण ती टाळतो. हा सौदा नेमका काय आहे, हे पैसे घेताना कुणी सांगत नाही.

संत्या उसळला. "तुम्ही सगळे लसीवर बोलताय. माझी बायको महिनाभर सांगत होती की हे साधं नाही. तिला म्हणाले, तुम्ही गूगल कमी बघा!"

इथं आमच्यात वाद नव्हता. पहिले एक-दोन आठवडे हा खोकला साध्या सर्दीसारखाच असतो, तेव्हा चुकणं मी समजू शकतो. दोन उबळींच्या मध्ये मूल ठणठणीत दिसतं, तेही खरं. पण म्हणूनच रात्री जागणाऱ्या आईचं ऐकायचं असतं. दवाखान्यात नसलेली उबळ तिच्या मोबाइलमध्ये होती. मिनिटभराचा व्हिडिओ. तो बघितला असता तर तपासणी झाली असती, घरातल्या सगळ्यांना ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं असतं, आणि बाळापर्यंत कदाचित हे पोचलंच नसतं. बाळाला तर पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता, तो सहा आठवड्यांनी असतो. तिचा आडोसा म्हणजे फक्त घरातली माणसं.

"तुझा राग खरा आहे," ताई म्हणाली. "पण तो काढतोयस कुणावर? पेंटाव्हॅलंटमध्ये धनुर्वात आहे, घटसर्प आहे, कावीळ आहे. डॉक्टर चुकला म्हणून पोरीला घटसर्पासाठी उघडी ठेवणार? आणि डांग्या एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही."

"आणि तो डॉक्टर? तो मोकळाच?"

"नाही. रिपोर्ट घेऊन जा त्याच्याकडे. भांडायला नको. टेबलावर ठेव आणि सांग, हा होता. पुढची आई व्हिडिओ घेऊन आली तर त्याला आठवेल."

मिल्या म्हणाला, आठवणार नाही. नाना म्हणाले, जाऊन तर बघ. त्यावर अर्धा तास गेला, चहा दोनदा आला.

उठताना संत्यानं ताईला विचारलं, "पहिला डोस उशिरा दिला तर चालतो ना? अडीच महिन्यांची झाली ती."

"चालतो. उद्यासुद्धा चालतो."

त्यानं रिपोर्टचा फोटो उघडला आणि झेरॉक्सचं दुकान कितीला बंद होतं ते विचारलं.