चौकशीला एकटा जाऊ नकोस

अंबड एमआयडीसीतली फर्स्ट शिफ्ट सुटली की आमचा कट्टा भरतो. परवा बाळू आला तो खिशात लिफाफा घेऊनच. चार्जशीट. सुपरवायझरशी उद्धट वर्तन आणि मुद्दाम काम संथ करणं, असे दोन आरोप. चौकशी होईपर्यंत सस्पेंड.

पक्या लगेच म्हणाला, "माफीनामा लिहून दे आणि मोकळा हो. एचआरनेही तेच सांगितलंय ना?"

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. युनियनच्या कामात केस पांढरे झालेला माणूस. "अरे, माफी लिहिलीस म्हणजे आरोप कबूल केलास. मग चौकशीत सिद्ध करायला उरतं काय? आणि पुढच्या वेळी तोच कागद 'मागील रेकॉर्ड' म्हणून काढतील."

मला हे पटतं, कारण मी अशा खोलीत बसलोय. टेबलापलीकडे चौकशी अधिकारी, शेजारी कंपनीचा माणूस, कोपऱ्यात टायपिस्ट. इकडे मी एकटा. प्रत्येक पानाखाली सही करायची. पानं इंग्रजीत, आणि शेवटी एक ओळ: वरील मजकूर मला मराठीत समजावून सांगितला. कुणी काही समजावलं नव्हतं. मी सही केली. पुढे लेबर कोर्टात तीच पानं माझ्यासमोर ठेवली गेली.

"मग वकील लावू का?" बाळूने विचारलं.

"वकील सहसा घेऊ देत नाहीत," अण्णा म्हणाले. "पण कंपनीने कायद्याचा जाणकार बसवला असेल, तर तुलाही वकील नाकारता येत नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1983 सालीच सांगितलंय. युनियनचं मात्र वेगळं. राज्याचा 1971 चा कायदा आहे ना, अनुचित कामगार प्रथांचा, त्यात कलम 22 बघ. मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदाच्या वतीने चौकशीत उभं राहता येतं."

नाना स्वतः दुसऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. तो तापला. "प्रत्येकामागे युनियन उभी राहिली तर लाइन चालवायची कशी? उलटतपासणीत आम्हालाच खोटं पाडता."

"खरं बोललास तर कशाला पडशील?" अण्णा म्हणाले.

नानाचं दुखणं मला कळतं, शिस्त हवीच. पण आरोप करणारी कंपनी, चौकशी अधिकारी नेमणारी कंपनी, शिक्षा ठरवणारीही कंपनी. त्या खोलीत कामगाराच्या बाजूने एक खुर्ची मागितली तर जास्त काय मागितलं?

पक्याने नवीन लेबर कोडचं काढलं. जुनं सगळं रद्द झालं म्हणे. तसं नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कोडांपैकी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिने तीन केंद्रीय कायदे रद्द केले. राज्याचा 1971 चा त्यांत नाही. सस्पेन्शनमध्ये पहिले 90 दिवस अर्धा पगार आणि नंतर, उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर, 75 टक्के, हेही संहितेत आहे. खरा घाव दुसरीकडे आहे. स्टँडिंग ऑर्डरची, म्हणजे नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या लेखी नियमांची, सक्ती महाराष्ट्रात 50 कामगारांपासून होती, आता ती 300 पासून आहे. सस्पेन्शनमधल्या त्या पगाराचं, म्हणजे निर्वाह भत्त्याचं, कलमही संहितेच्या त्याच प्रकरणात येतं. बाळूच्या कंपनीत साडेचारशे आहेत म्हणून तो त्यात बसतो. माझ्या धाकट्या भावाच्या वर्कशॉपात एकशेवीस. उद्या त्याच्या हातात असा लिफाफा पडला तर? यावर अण्णांकडेही उत्तर नव्हतं, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

बाळूचा अर्ज तिथेच बाकावर बसून लिहिला. कामकाज मराठीत नोंदवावं, ज्या कागदांवर आरोप आहेत त्यांच्या प्रती द्याव्यात, बचाव प्रतिनिधी म्हणून युनियनच्या सेक्रेटरीला बसू द्यावं. सेक्रेटरी त्याच प्लांटमध्ये टर्नर आहे. नाना बराच वेळ गप्प होता. मग अर्ज हातात घेऊन म्हणाला, "दोन प्रती काढ. दुसरीवर पोच घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नकोस."