'सॉफ्टवेअरच सांगेल कुठला रस्ता कसा करायचा' – नाही सांगत

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं, की रस्त्यांचं ॲसेट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आणा, सर्व्हेचा डेटा टाका, कुठल्या रस्त्याला काय करायचं ते मशीन सांगेल, सगळ्यात खराब रस्ता आधी लागेल, वशिला संपेल, आणि कोकणात डांबर टिकतच नाही तर सिस्टीममध्ये काँक्रीट सोडून दुसरा पर्यायच ठेवू नका. लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे, खड्ड्यांना आपण सगळेच विटलोय. पण हे असंच धरून पैसा खर्च झाला तर आहेत ते चांगले रस्तेपण जातील, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'मशीन सांगेल'. मशीन फक्त आपण भरलेल्या पर्यायांतून निवडतं. आत एक टेबल असतं, त्यात प्रत्येक दुरुस्तीसमोर भरावं लागतं की ती कुठल्या अवस्थेतल्या रस्त्याला लागू, दर काय, केल्यावर रस्त्याची स्थिती कितीवर जाते आणि पुढे किती वेगाने उतरते. त्यात बीबीएम (डांबर-खडीचा जाड थर) आणि कार्पेट-सीलकोट (वरचा पातळ डांबरी थर) एवढंच भरलं तर क्रॅक सीलिंग, म्हणजे नुसत्या भेगा बुजवणं, ते जन्मात सुचवणार नाही. गटार काढणं, मोरी मोकळी करणं, साइडपट्टी भरणं हे तर पुष्कळदा दुरुस्तीत धरतच नाहीत, आणि आपल्याकडे रस्ता मरतो तो पाण्यानेच, कडेला तुंबलेलं पाणी खाली शिरतं, खडीवरची डांबराची पकड सुटते आणि वरून गाडी गेली की खड्डा.

सगळ्यात घातक चूक होते ती 'केल्यावर स्थिती कितीवर जाते' या रकान्यात. पीसीआय म्हणजे रस्त्याचे ० ते १०० मधले गुण, १०० म्हणजे निर्दोष. आता पावसाळ्यात खड्डे भरले, कोल्ड मिक्सने (न तापवता वापरायच्या डांबर-खडीच्या मिश्रणाने) किंवा पेव्हर ब्लॉक टाकून, आणि कोणी टेबलमध्ये या कामासमोर १०० लिहून ठेवलं असेल तर सिस्टीम समजते की रस्ता नवा झाला, आणि मग पुढची काही वर्षं तो यादीत येतच नाही, इकडे गावकरी अर्ज करतायत आणि स्क्रीनवर रस्ता हिरवा. पावसाळी खड्डेभरणी ही वेगळी नोंद पाहिजे, तात्पुरती, वय न बदलणारी, गुण जेमतेम सावरणारी. ओव्हरलेचंही, म्हणजे जुन्या रस्त्यावर नवा थर टाकण्याचंही तेच, वरच्या थराचं वय शून्य होतं पण खालच्या खडीकरणाचं होत नाही, तिथल्या भेगा काही काळाने वर येतातच.

'सगळ्यात खराब रस्ता आधी'. ऐकायला न्याय्य वाटतं पण पैसा असाच संपतो. रस्ता सुरुवातीला हळू उतरतो आणि एका टप्प्यानंतर झपाट्याने कोसळतो, कोसळायच्या आधी थोडक्यात भागतं, नंतर खणून नव्याने करावा लागतो. सगळा निधी मेलेल्या रस्त्यांवर घातला तर आज बरे असलेले रस्ते तोवर त्याच रांगेत येऊन बसतात. अर्थात नुसत्या गुणांवरही जाऊ नका. दोन रस्त्यांचे गुण ६०, एकाची वरची खडी सुटतेय आणि दुसऱ्याला चाकाखाली जाळीदार भेगा पडल्यात, म्हणजे खालचा थरच दमलाय. पहिल्याला मायक्रोसरफेसिंग, म्हणजे बारीक खडी-डांबराचा पातळ लेप, चालेल, दुसऱ्यावर ते काही मिलीमीटर अंथरून काहीच साधणार नाही कारण त्याने ताकद वाढत नाही. म्हणून ट्रिगर, म्हणजे कुठली दुरुस्ती कधी लागू होईल ती अट, लावताना गुणांसोबत बिघाडाचा प्रकार पाहिजेच.

वाहतुकीचंही बघा. चिरेखाणीकडे जाणाऱ्या गावरस्त्यावर दिवसभरात गाड्या थोड्याच, पण जांभ्याने भरलेले ट्रक. एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान साधारण सोळापट होतं, अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या आशो रोड टेस्टमधून (मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून घेतलेल्या चाचणीतून) निघालेला हा ढोबळ नियम जगभर वापरतात. नुसती गाड्यांची संख्या भरली तर सिस्टीमला हा रस्ता 'कमी वाहतूक' वाटणार आणि ती सीलकोट सुचवणार. दरही असेच, ३.७५ मीटरच्या रस्त्याला ७ मीटरवाल्याचा प्रति किलोमीटर दर लागला की अख्खं बजेट चुकलं.

'कोकणात फक्त काँक्रीट'. घाटात, बाजारपेठेत, पाणी साचतं त्या खोलगट भागात काँक्रीट करा, माझं काहीच म्हणणं नाही. पण खालून पाणी खेळत राहिलं तर स्लॅबखालची मातीसुद्धा सांध्यांतून बाहेर येते, स्लॅब पोकळीवर राहतो आणि तडकतो. काँक्रीटलाही सांधे भरणं, स्लॅब बदलणं हे पर्याय टेबलमध्ये लागतातच. नाहीतर सिस्टीम काँक्रीटला देखभाल शून्य धरते, साहजिकच प्रत्येक तुलनेत तेच जिंकतं आणि लोक म्हणतात बघा मशीननेच सांगितलं. वाडीतल्या रस्त्यात उद्या नळपाणी योजनेची पाइपलाइन टाकायची असेल तर आज तिथे कुठलाच पक्का थर नको, ही बंदीपण आधी नोंदवावी लागते.

सॉफ्टवेअरसोबत आयते आलेले आकडेही तसेच ठेवू नका. एचडीएम-४ या रस्ते-नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रस्ता खराब होण्याच्या वेगाचे कॅलिब्रेशन फॅक्टर, म्हणजे तो वेग कमी-जास्त करायचे गुणक, मुळात १ असतात, ते स्थानिक अनुभवावर बदलायचे असतात. जिथे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो तिथे कोरड्या प्रदेशाचा वेग कसा चालेल? आणि मे महिन्यात केलेला सर्व्हे गणपतीपर्यंत जुना झालेला असतो.

राहिला वशिला. यादी हाताने बदलायची सोय बहुतेक सिस्टीममध्ये असते आणि कधीकधी ती लागतेही, दरड कोसळली, पूल खचला. त्यामुळे पुढच्या वेळी कामांची यादी वाचून दाखवतील तेव्हा ग्रामसभेत दोन कागद आणखी मागा: पर्यायांचं ते टेबल, आणि हाताने वर-खाली केलेली कामं कारणासकट.