गुलाबी उगवलं म्हणजे ई-कोलाय नव्हे

भाच्याने रात्री साडेदहाला फोटो पाठवला. प्लास्टिकच्या प्लेटवर दहा-बारा गुलाबी ठिपके, मागे ओट्यावरची चहाची गाळणी. खाली लिहिलेलं, "मामा, बोअरच्या पाण्यात ई-कोलाय निघायलाय. कोणाच्या शोषखड्ड्याचा आहे ते सगळ्यांना माहीत आहे." मी उत्तर लिहीपर्यंत तोच फोटो गावाच्या ग्रुपवर गेला होता, शेजारच्या घराचं नाव घालून.

या उद्योगाच्या मुळाशी एक फिरता मेसेज आहे. तुम्हालाही आला असेल. त्याचा सारांश असा: मॅककॉन्की नावाची, जंतू वाढवायची तयार प्लेट मागवा. तिच्यावर पाण्याचा एक थेंब पसरा, गरम जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी गुलाबी उगवलं तर ई-कोलाय हा आतड्यातला जंतू, म्हणजे पाण्यात संडासाचं पाणी मिसळतंय. पांढरं उगवलं तर टायफॉइड. काहीच उगवलं नाही तर पाणी शुद्ध. खेड्यात वाटतात ती पाणी तपासायची बाटली काळी पडली तरी ई-कोलायच. लॅबवाल्यांना पैसे देऊ नका. शेवटी जोडलेले हात.

मी परभणीत लॅबमध्ये सोळा वर्षं प्लेटा वाचतोय, त्यामुळे ते पैशाचं वाक्य मला झोंबणारच. तेवढा माझा स्वार्थ वजा करून पुढचं वाचा. आपल्याकडे पाण्याची धास्ती उगाच नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. दारात उभा राहिलेला टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे आजही कोणी सांगत नाही. तेव्हा पाणी तपासून प्यावं हे खरंच. चूक रंगाचा अर्थ लावण्यात आहे.

आधी गुलाबी. या प्लेटमध्ये लॅक्टोज असतं, म्हणजे दुधातली साखर. न्यूट्रल रेड नावाचा रंग असतो, तो आम्ल झालं की गुलाबी-लाल होतो. जंतूने लॅक्टोज खाल्लं की आम्ल तयार होतं आणि त्याची कॉलनी, म्हणजे प्लेटवर वाढलेला ठिपका, गुलाबी दिसते. घरात विरजण लावतो तेव्हा दह्यातले जंतू हेच करतात. मग दही या प्लेटवर पसरलं तर ती गुलाबी का होत नाही? कारण प्लेटमध्ये पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट घातलेलं असतं. दह्यातल्या जंतूंसारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू त्यात तग धरत नाहीत. म्हणजे ही प्लेट दोन कामं करते: काहींना दारातच अडवते, आणि जे आत आले त्यांतल्या कोणी लॅक्टोज खाल्लं ते दाखवते. कोण आलं, त्याचं नाव काय, हे ती सांगत नाही. लग्नात गुलाबी फेटा दिसला तर माणूस वऱ्हाडातला आहे एवढं कळतं. तो नवरदेवाचा चुलता की बँडवाला, हे विचारावंच लागतं.

आणि या लग्नात गुलाबी फेटेवाले भरपूर आहेत. ई-कोलाय आहे, क्लेबसिएला आहे, एंटेरोबॅक्टर आहे. सिट्रोबॅक्टरसारखे काही उशिराने जेवणारेही आहेत, सकाळी पांढरे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी. नजर बसली की अंदाज येतो. ई-कोलायची कॉलनी कोरडी, चपटी, गडद, आणि भोवती पित्तक्षाराचा धुरकट गुलाबी पट्टा. क्लेबसिएलाची फुगीर, ओलसर. जंतू उचलायचा लूप टेकवून वर उचला, पाकाची तार निघावी तशी तार निघते. पण अंदाज तो अंदाजच. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका लघवीच्या कल्चरवर गडद गुलाबी बघून मी बेधडक ई-कोलाय लिहिलं होतं. आमच्या मॅडमनी रिपोर्टवर सही करायच्या आधी एवढंच विचारलं, "इंडोल केलंत का?" केलं नव्हतं. या चाचणीत ई-कोलायला सहसा नळीत लाल कडं येतं. केल्यावर ते काही आलं नाही. आजही गुलाबी कॉलनी दिसली की आधी मला मॅडमचा तो आवाज ऐकू येतो.

गंमत म्हणजे ज्याच्या नावाची ही प्लेट, तो मॅककॉन्कीसुद्धा गुलाबीवर थांबला नव्हता. विष्ठेतल्या लॅक्टोज खाणाऱ्या जंतूंवरचा त्याचा लेख 1905 सालचा. त्यात तो या जंतूंना पुढे आणखी साखरा खाऊ घालतो आणि कोण काय पचवतं त्यावरून त्यांचे गट पाडतो. पाण्याच्या तपासणीतही पहिल्या पायरीचं नावच 'अनुमानित चाचणी' आहे. तिच्यानंतर खात्रीची आणि मग पूर्णतेची. मेसेजवाल्याने पहिल्या पायरीवर बसून निकाल दिला.

कोणी म्हणेल, ईएमबी नावाच्या दुसऱ्या प्लेटवर तर ई-कोलायला हिरवी धातूसारखी चमक येते, मग? येते, आणि ती गुलाबीपेक्षा भरवशाची खूण आहे. पण सगळ्याच ई-कोलायला येते असं नाही.

बरं, समजा ई-कोलायच निघाला. तरी त्यावरून शेजाऱ्याचं नाव कसं निघतं? ई-कोलाय गाई-म्हशींच्या, शेळ्यांच्या, कोंबड्यांच्या आतड्यातही राहतो. हापशाला लागून गोठा नाही असं एक गाव मला दाखवा. विष्ठा पाण्यात मिसळतेय एवढं ई-कोलाय सांगतो, कोणाची ते सांगत नाही. ग्रुपवर नाव टाकणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

पांढरं म्हणजे टायफॉइड, हा या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. टायफॉइडचा जंतू साल्मोनेला लॅक्टोज खात नाही, म्हणून त्याची कॉलनी बिनरंगी दिसते, इतकं खरं. पण स्यूडोमोनास, प्रोटियस, असिनेटोबॅक्टर यांचीही तशीच दिसते, आणि साध्या पाण्यात भेटणारे बहुतेक करून हेच. पाण्यातून टायफॉइडचा जंतू शोधायचा तर आधी त्याला सेलेनाइटसारख्या रसात वाढवून घ्यावं लागतं, मग एक्सएलडी किंवा बिस्मथ सल्फाइटच्या प्लेटवर, मग साखरेच्या नळ्या, शेवटी सीरम घालून गुठळी होते का ते पाहायचं. आधीच आपल्याकडे विडाल नावाच्या एका रक्तचाचणीच्या कागदावर "टायफॉइड निघाला" म्हणून सलाईन लागतं. आता पाण्याच्या प्लेटवरूनही लागायचं.

काही उगवलं नाही म्हणजे पाणी शुद्ध. इथे जरा हिशेब करू. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, सांगतं की 100 मिली पाण्यात ई-कोलाय सापडता कामा नये. मेसेज सांगतो एक थेंब. एका मिलीत साधारण वीस थेंब, म्हणजे 100 मिलीत दोन हजार. त्या 100 मिलीत शंभर जंतू असले, म्हणजे पाणी चांगलंच खराब असलं, तरी एखादा जंतू तुमच्या थेंबात सापडायची शक्यता विसात एक. वीस घरांनी प्लेटा लावल्या तर एकोणीस घरं "शुद्ध" म्हणून तेच पाणी पितील.

दुसरं असं की टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकलेल्या पाण्यातले काही जंतू मेलेले नसतात, नुसते जखमी असतात. साध्या मीडियमवर ते सावरतात, पण मॅककॉन्कीच्या पित्तक्षारात टिकत नाहीत. ज्याला दारात अडवायचं नव्हतं तोच अडतो. म्हणून नमुन्याच्या बाटलीत आधीच थायोसल्फेट घातलेलं असतं, की क्लोरीनचं काम तिथेच थांबावं. आणि काविळीचे विषाणू तर कुठल्याच प्लेटवर उगवत नाहीत. किनवटकडच्या पाण्यातलं फ्लोराइडही नाही.

काळ्या बाटलीबद्दल सांगायलाच हवं, कारण गावोगावी जलसुरक्षकांकडे आणि पाणी तपासणाऱ्या बायांकडे ती बाटली असते. ही चाचणी मांजा नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली मांडली. जंतूने हायड्रोजन सल्फाइड सोडला की बाटलीतल्या लोहाशी मिळून काळा लोह सल्फाइड होतो. आता ई-कोलाय सहसा हायड्रोजन सल्फाइड सोडतच नाही! सोडतात ते सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, प्रोटियस, क्लॉस्ट्रिडियम. त्यांतले बरेच आतड्यात राहणारे, म्हणून बाटली काळी पडली तर पाण्यात विष्ठा मिसळत असावी असा संशय घ्यायचा. पण खोल बोअरच्या ज्या पाण्याला उपसताना कुजक्या अंड्याचा वास येतो, त्यातले सल्फेटवर जगणारे जंतूही बाटली काळी करू शकतात. तेव्हा बाटली काळी पडली की पाणी उकळून प्या, टीसीएल घाला आणि नमुना लॅबला पाठवा. तिच्यासाठी एवढं काम पुष्कळ आहे. तिच्याकडून नाव वदवून घेऊ नका.

"गरम जागी ठेवा" यावर काय बोलावं! लॅबमधला इन्क्युबेटर रात्रंदिवस 37 अंशांवर असतो. मे महिन्यात परभणीच्या पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून जास्त, पहाटे कितीतरी कमी. डिसेंबरात तर आमच्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा प्लेट दोन दिवस कोरी राहिली तरी नवल नाही.

तर भाच्याची प्लेट. मला आधी खटकला तो आकडा. एका थेंबात बारा कॉलनी, म्हणजे 100 मिलीत चोवीस हजार जंतू. बोअर इतका नासला असता तर आतापर्यंत निम्मं गाव सलाईनवर असतं. फोन केला, म्हटलं पाणी कुठून घेतलंस? "घरातूनच की." घरातून म्हणजे? "रांजणातून. तांब्या बुडवून." बोअरचं तोंड त्याने बघितलंसुद्धा नव्हतं. दिवसभर ज्या रांजणात घरातल्या सगळ्यांचे हात बुडतात, त्यातला तो थेंब होता.

प्लेट बंद डब्यात घालून आणायला लावली. कॉलनी फुगीर, ओलसर, लूपला तार. दुसऱ्या दिवशी इंडोलच्या नळीत कोव्हॅक्सचं रसायन घातलं तर वर पिवळंच कडं, लाल नाही. सिट्रेटची हिरवी नळी निळी झाली. चलनवलन नाही. क्लेबसिएला. हा जंतू आतड्यात असतो तसा मातीत आणि झाडपाल्यावरही असतो. म्हणजे रांजण घासायला हवा, ओगराळं घ्यायला हवं. बोअरचा प्रश्न तसाच राहिला, म्हणून लॅबमधून निर्जंतुक बाटली दिली. हापशाचं तोंड पेटत्या बोळ्याने शेकून, थोडं पाणी वाहू देऊन मग भर, बर्फाच्या डब्यात ठेव आणि त्याच दिवशी भूजल सर्वेक्षणाच्या लॅबमध्ये पोचव, असं दोनदा बजावलं. ग्रुपवरचं शेजाऱ्याचं नाव आधी काढ, हेही.

जाता जाता तो म्हणाला, मेसेजमध्ये लिहिलंय, वापरलेली प्लेट कचऱ्यात टाकली तरी चालते. एका कॉलनीत कोट्यवधी जिवंत जंतू असतात. आम्ही प्लेटा 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक, केल्याशिवाय दाराबाहेर जाऊ देत नाही. हे सांगता सांगता मला शंका आली. विचारलं, इथे आणायच्या आधी रात्रभर प्लेट होती कुठे?

"फ्रिजमध्ये, मामा. खराब होऊ नये म्हणून. दह्याच्या पातेल्यावर ठेवली होती."

ताईला मीच फोन केला. दही तिने परसात ओतलं, पातेलं उकळत्या पाण्याने दोनदा धुतलं, आणि पोराला काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.