आशेचा उपदेश दुरून करू नये

कोल्हापुरातील ख्रिस्ती नातेवाइकांशी फोनवर बोलताना अलीकडे धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय निघतोच, आणि घरातल्या प्रार्थनासभेकडेही संशयाने पाहिले जाईल की काय, ही धास्ती आवाजात जाणवते. त्यावर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांचे उत्तर ठरलेले असते: देवावर विश्वास ठेवा आणि सहन करा. हे उत्तर मला अपुरे, खरे तर सोयीचे वाटते.

इथे आम्हाला ख्रिस्ती म्हणून कोणी अडवत नाही. तरीही २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रथमच निम्म्याहून कमी, म्हणजे ४६.२ टक्के भरले. तेव्हा सुरक्षितता लाभली की श्रद्धा आपोआप बहरते, असे मानण्यात अर्थ नाही. पण म्हणून छळाने श्रद्धा बळकट होते असे दुसऱ्याच्या छळाकडे पाहत म्हणणेही मला मान्य नाही. संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा निर्माण होते, असे रोममधील ख्रिस्ती लोकांना पत्रातून लिहिणारा प्रेषित पौल स्वतः फटके आणि तुरुंग भोगून आलेला होता. पुढे न्याय मिळत नाही असे दिसताच त्याच पौलाने रोमी नागरिक या नात्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. राज्यघटनेतील धर्मस्वातंत्र्याच्या २५ व्या कलमाचा आधार घेऊन न्यायालयात जाणारे विश्वासात उणे पडतात, असे म्हणणाऱ्यांनी ही हकिगत सांगणारे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक पुन्हा वाचावे.

बाबेलला (बॅबिलोनला) पाडाव करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने कळवले होते की तिथे घरे बांधा, मळे लावा आणि त्या नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. हा उतारा आम्हा स्थलांतरितांना जवळचा वाटतो. कोल्हापूरची मंडळी मात्र बाबेलात, म्हणजे परक्या देशात, राहत नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी तिथे आले ते १८५२ मध्ये, आणि त्यानंतरच्या पिढ्या त्याच मातीतल्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तो पूर त्यांचाही होता. नगराचे कल्याण मागण्यासाठी त्यांना आधी आपले नागरिकत्व सिद्ध करावे लागू नये.

पैसे पाठवून हात झटकावेत, तर तेही सरळ नाही. परकीय देणग्यांवर २०१० च्या कायद्याची बंधने आहेत, आणि ‘परदेशी पैसा’ हा आरोप तयारच असतो. म्हणून लढायचे की थांबायचे, हे तिथल्या मंडळीनेच ठरवावे. आम्ही विचारल्याखेरीज सल्ला देऊ नये.