मोठे टायर, लिफ्ट किट आणि ‘युट्यूबवरचे इंजिनिअरिंग’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

पोर्टल अॅक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा आस चाकाच्या केंद्राच्या वर ठेवणारी रचना, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. ‘मोठे टायर आणि लिफ्ट किट टाकून जे काम थोडक्या पैशांत होते, त्यासाठी पोर्टल अॅक्सलचे गोडवे गाणे म्हणजे युट्यूब पाहून केलेले इंजिनिअरिंग आहे,’ हे आपले पहिले वाक्य. (लिफ्ट किट म्हणजे स्प्रिंगवरची गाडी उंच करणारा जोड-संच.) पुढे वजन, गुरुत्वमध्य, गिअरचा आवाज, सुटे भाग असे मुद्दे आहेत. मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र ज्याला आपण पाहिलेलेही नाही, तो काय आणि कुठे शिकला हे परस्पर ठरवून टाकण्याची जी रीत हल्ली पडली आहे, तिचा समाचार घेणे भाग आहे.

भोसरीच्या एमआयडीसीत गिअर कापण्याच्या आणि जुळणीच्या खात्यात माझी उभी नोकरी गेली. क्राऊन व्हीलच्या, म्हणजे अॅक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राच्या, दातांना निळा रंग लावायचा, त्याला फिरवणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन हाताने फिरवायचा आणि ठसा दाताच्या मधोमध उमटतो की टोकाकडे सरकतो हे वाकून पाहायचे, हे काम मी शिकलो तेव्हा युट्यूब जन्माला यायचे होते. आपले शिक्षण कुठे झाले हे मी विचारणार नाही. आपल्या वाक्यातून त्याचा थोडाफार अंदाज येतो.

आता त्या वाक्याकडेच वळू. अखंड अॅक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाके एकाच ताठ आसाने जोडलेल्या, गाडीत जमिनीला सर्वांत जवळ असतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा, आणि तो चाकाच्या केंद्राशी बांधलेला असतो. लिफ्ट किटने स्प्रिंगच्या वरचे सगळे उंचावते: चॅसिस, बॉडी, बंपर, आणि मालकाची मान. गोळा होता तिथेच राहतो. धोतर वर खोचल्याने पाय लांब होत नाहीत. पावसाळ्यात काळ्या रानातल्या बैलगाडीच्या चाकोरीत ज्याने गाडी घातली आहे, त्याला दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा प्रथम कशाला घासतो हे सांगावे लागत नाही. अशा गाडीखाली आडवे पडून पाहिले, तर हाउसिंगच्या (गोळ्याच्या कवचाच्या) तळाचा रंग जाऊन लोखंड चकाकत असते आणि त्याच्या वरची चॅसिस मात्र कोरी असते. थारचेच घ्या. तिचा मागचा अॅक्सल अखंड आहे, म्हणून लिफ्टने तिथे काहीच हाती लागत नाही. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे टांगलेले) असल्याने डिफरन्शियल चॅसिसबरोबर वर जातो खरा, पण त्याची किंमत चाकांकडे जोर नेणाऱ्या ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांच्या वाढलेल्या कोनात मोजावी लागते.

राहिले टायर. टायरचा व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्मेच अंतर अॅक्सलखाली मिळते. 255/65 आर 18 या टायरचा व्यास सुमारे 789 मिमी भरतो. अॅक्सलखाली 100 मिमी जास्त हवे असतील तर 989 मिमीचा, म्हणजे जवळजवळ 39 इंची टायर लागेल. तो चाकावरच्या कमानीला आणि वळताना चॅसिसला घासणार, स्पीडोमीटर वेग कमी दाखवणार, गिअरिंग उंच झाल्याने चढावर इंजिनाचा जीव जाणार, आणि हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) व क्राऊन-पिनियन यांच्यावरचा ताण वाढणार तो वेगळाच. ‘थोडक्या पैशांत’ या शब्दांत यातले नेमके काय बसते, हे मला समजून घ्यायला आवडेल.

पोर्टल अॅक्सलमध्ये हाफ शाफ्ट चाकाच्या केंद्राच्या वरून येतो आणि हबमधल्या (चाकाच्या मध्यभागातल्या) गिअरपेटीतून जोर खाली चाकाला मिळतो. पेटीतल्या वरच्या आणि खालच्या शाफ्टच्या केंद्रांत उभे 100 मिमी अंतर ठेवले, तर त्याच टायरवर अख्खा अॅक्सल तेवढा वर येतो. शिवाय त्या पेटीत रिडक्शन, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरजोडी, ठेवता येते. अमेरिकी लष्कराच्या हमव्हीत ते 1.92 आहे, म्हणून चाकावर तेवढाच टॉर्क देताना हाफ शाफ्टवरचा ताण जवळजवळ निम्मा होतो. ताण कमी झाला की क्राऊन व्हील लहान करता येते, आणि क्राऊन व्हील लहान तर गोळाही लहान. दोन गिअर एकमेकांत गुंतले की फिरण्याची दिशा उलटते, म्हणून मध्ये आयडलर, म्हणजे तिसरा गिअर, घालावा लागतो किंवा क्राऊन व्हील पिनियनच्या दुसऱ्या अंगाला बसवावे लागते. (हे व्हिडिओत सहसा सांगत नाहीत.)

आणि पुरावाच हवा असेल तर रशियातल्या उल्यानोव्स्कच्या कारखान्यातली उआझ-469 ही जीप पाहावी. लष्करी गाडीला पोर्टल अॅक्सल, खालचे अंतर 300 मिमी. नागरी 469बी ला साधा अॅक्सल, अंतर 220 मिमी. टायर एकाच मापाचे. ते 80 मिमी कुठून आले, हे आपणच सांगावे. रशियातले हौशी लोक लष्करी अॅक्सल काढून साधे बसवतात, असे आपण मोठ्या विजयाने लिहिले आहे. बसवतात, ते हलके असतात, आणि मग मोठ्या टायरसाठी कमानी कापत बसतात.

पोर्टलच्या गिअरचा आवाज येतो हे आपले म्हणणे खरे आहे आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो. चार पेट्यांतले तेल वेगळे तपासावे लागते हेही खरे. वजनाबद्दल आपण लिहिले आहे त्यात नवे काही नाही. गुरुत्वमध्य वर जातो, पण तो आपल्या लाडक्या लिफ्ट किटनेही जातो. सुट्या भागांची अडचण ही बाजाराची अडचण आहे, रचनेची नव्हे. आणि ‘श्रीमंतांचे खूळ’ म्हणाल तर फोक्सवॅगनच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी क्युबेलवागनला, जिच्या फक्त मागच्या चाकांना जोर होता, हबमध्ये असेच रिडक्शन गिअर होते, आणि 1967 पर्यंतच्या फोक्सवॅगन बसमध्येही मागे ते असत. ती काही धनिकांची गाडी नव्हती.

यापुढे लिहायचे झाल्यास एवढे करावे: लिफ्ट किट बसवण्याआधी आणि नंतर, टायरमधली हवा सारखी ठेवून, गाडी सपाट जागी उभी करावी, मागच्या गोळ्याच्या तळापासून जमिनीपर्यंत पट्टी लावावी आणि दोन्ही आकडे इथे द्यावेत. विशेषणे नकोत.