त्रिंबक म्हणजे इंग्रजांनी बिघडवलेलं त्र्यंबक?

श्रावण लागला की आमच्या नाशिकच्या ग्रुपांवर तो मेसेज फिरायला लागतो : ‘त्र्यंबक म्हणजे तीन लिंगे. त्रिंबक ही इंग्रजांनी केलेली मोडतोड, मुलांची नावे तशी लिहू नका. आणि हे नाव मुळात फक्त ब्राह्मणांचे.’ तीन वाक्यं, तिन्ही चुकीची.

लिंगांचं आधी उरकतो. त्र्यंबकेश्वराच्या पिंडीतल्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, हे खरं. पण ‘अंबक’ म्हणजे डोळा. त्र्यंबक म्हणजे तीन डोळ्यांचा. अंबा म्हणजे आई धरून ‘तीन आयांचा’ असाही अर्थ काही जण लावतात. लिंग कुठल्याच अर्थात बसत नाही. शिवाय ‘त्र्यम्बकं यजामहे’ आहे ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, आणि आजचं काळ्या दगडाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं ते 18व्या शतकात.

आता इंग्रज. नाशिक त्यांच्या हाती पडलं 1818 मध्ये. त्याआधीच्या पेशवाईतल्या मोडी कागदांत ‘त्रिंबक’ सर्रास सापडतं. पण ही गोष्ट त्याहून कितीतरी जुनी. मंत्राचा पहिला चरण बोटांवर मोजा : त्र्यम्-ब-कं-य-जा-म-हे. सात भरतात. अनुष्टुभाला आठ लागतात. छंद पुरा करायचा तर ‘त्रियम्बकं’ धरावं लागतं. कालिदासाने तर कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात चक्क ‘त्रियम्बकं’च लिहिलंय. म्हणजे हे जोडाक्षर सैल करायची खोड आपली, साहेबाची नव्हे. (साहेबावर ढकलायला बाकी पुष्कळ आहे.)

जातीचं म्हणाल, तर 1731 मध्ये डभईच्या लढाईत पडलेले सेनापती त्रिंबकराव दाभाडे मराठा होते. एवढं पुरे.

माझे आजोबा रेशनकार्डावर त्रिंबक, सातबाऱ्यावर त्र्यंबक. वारसनोंदीच्या वेळी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं शपथपत्र करून द्यावं लागलं. स्टॅम्पपेपर घ्या, नोटरी गाठा, पुन्हा रांगेत उभे राहा. आजीला मी विचारलं, खरं नाव कुठलं गं? ती एरवी त्यांचं नाव घेत नसे, ‘हे’ म्हणायची. त्या दिवशी मात्र पदर सावरून अख्खा उखाणाच घेतला, आणि त्यात ते ‘त्रिंबकराव’ होते.